अर्धे वाक्य आणि आठवी आज्ञा

धर्माधर्मांत भांडणे लावण्याचे काम वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी करतात, असे आपल्या धर्मग्रामांत पूर्वीपासून बोलले जाते. आता त्यात मोबाइल फोनची भर पडली आहे. या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हे बोलत असताना आपण किती सहजतेने स्वतःची सुटका करून घेतो, ही गोष्ट आम्हांला खटकते. दोष छापणाऱ्याचा, दाखवणाऱ्याचा. वाचणारा, पाहणारा आणि वाचलेले शेजाऱ्याच्या कानी घालणारा मात्र निष्पाप! खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा केवळ बोलणाऱ्यासाठी आहे, की ऐकणाऱ्यालाही तिचे काही बंधन आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो आम्ही एका प्रसंगाच्या आधारे मांडू इच्छितो. त्या प्रसंगात आपले स्वतःचे परमगुरू गुंतले होते.

प्रथम बातमीच्या धंद्याची रीत पाहू. वृत्तपत्राच्या कचेरीत सगळेच लबाड बसलेले असतात असा आमचा अनुभव नाही. सरळ खोटे छापणारी पत्रे थोडी. पण उपसंपादकापुढे रात्री शेकडो बातम्या येऊन पडतात आणि रकाना तर तेवढाच असतो. तासभराचे व्याख्यान चार ओळींत बसवायचे, त्या चार ओळींवर सहा शब्दांचा मथळा चढवायचा. कोणते सहा शब्द निवडावेत? ज्यांत दोन बाजू समोरासमोर उभ्या दिसतील ते. मग त्या मथळ्यावर प्रतिक्रिया हवी, आणि प्रतिक्रियेसाठी जो माणूस शांतपणे म्हणेल की ‘मी ते व्याख्यान अजून वाचलेले नाही’, त्याच्याकडे कोणी पुन्हा फोन करीत नाही. जो ताबडतोब आणि मोठ्याने बोलतो तो त्या दिवसापुरता आपल्या संपूर्ण धर्माचा प्रवक्ता ठरतो. त्याला कोणी निवडून दिलेले नसते. कॅमेऱ्याने त्याची निवड केलेली असते. अशा रीतीने, एकही शब्द खोटा न छापता, कोट्यवधी लोकांपुढे एक असे भांडण उभे राहते की ज्यातील दोन्ही पक्षांना मूळ वाक्य ठाऊक नसते.

ज्या प्रसंगाविषयी आम्ही बोलणार आहोत त्याला आधीच्या एका वादळाची पार्श्वभूमी होती. डेन्मार्कमधील ‘युलांड्स-पोस्टेन’ या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रेषित महंमदांची बारा व्यंगचित्रे छापली. त्यांत अवमान नव्हता असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्याला जे पवित्र आहे ते मुद्दाम डिवचण्यात कोणते शौर्य, हे आम्हांला आजवर समजलेले नाही. पण पुढचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, ऐन रमजानच्या महिन्यात, इजिप्तमधील ‘अल-फग्र’ या वृत्तपत्राने त्यांतील काही चित्रे निषेध म्हणून छापली. कैरोमध्ये दंगल झाली नाही. जाळपोळ सुरू झाली ती पुढे तीन-चार महिन्यांनी, २००६च्या जानेवारी-फेब्रुवारीत. मधल्या काळात डेन्मार्कमधील काही इमामांनी एक कागदपत्रांचे बाड तयार करून मध्यपूर्वेत फिरवले होते. त्यात त्या बारा चित्रांखेरीज आणखी तीन चित्रे होती, जी त्या दैनिकाने कधीच छापली नव्हती आणि जी मूळ चित्रांहून कितीतरी अधिक बीभत्स होती. त्यांतील एक तर फ्रान्समधील डुकराचा आवाज काढण्याच्या गावठी स्पर्धेतल्या एका स्पर्धकाचे छायाचित्र होते! मग दूरचित्रवाणी आली, मोर्चे आले, आणि ४ फेब्रुवारीला दमास्कसमध्ये डेन्मार्क व नॉर्वेच्या वकिलाती पेटल्या. वेगवेगळ्या देशांत मिळून शंभराहून अधिक माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी तुर्कस्तानातील ट्रॅब्झॉन येथे फादर आंद्रेआ सान्तोरो हे इटालियन धर्मगुरू चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना एका सोळा वर्षांच्या मुलाने त्यांना गोळ्या घातल्या. व्यंगचित्रांच्या संतापातून हे केल्याचे त्याने सांगितल्याच्या बातम्या आल्या. डेन्मार्कमधील एका संपादकाच्या निर्णयाशी त्या धर्मगुरूंचा काय संबंध होता? काहीही नव्हता. वातावरण असे कोरडे झालेले असताना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परमगुरू सोळावे बेनेडिक्ट जर्मनीला गेले.

१२ सप्टेंबर २००६ रोजी रेगेन्सबुर्ग विद्यापीठात त्यांचे व्याख्यान झाले. या विद्यापीठात ते पूर्वी स्वतः ईशज्ञानाचे प्राध्यापक होते, त्यामुळे त्या दिवशी परमगुरूंपेक्षा जुने मास्तरच बोलत होते असे म्हटले तरी चालेल. विषय होता श्रद्धा, बुद्धी आणि विद्यापीठ. बुद्धीला सोडून वागणे हे परमेश्वराच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि म्हणून हिंसेने धर्म पसरवणे हे ईश्वराच्या विरोधी आहे, असा त्या व्याख्यानाचा गाभा. पण त्याचा बराच मोठा भाग इस्लामविषयी नव्हताच. तो पाश्चात्त्य जगावर टीका करणारा होता. जे मोजता येते, तपासनळीत घालून पाहता येते तेवढेच खरे, असे मानून युरोपने आपल्या बुद्धीचेच पंख कापले आहेत, आणि अशी कापलेली बुद्धी जगातील इतर धर्मसंस्कृतींशी संवाद करू शकणार नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुसलमान विद्वानांपैकी पुष्कळांना ती पटण्याजोगी होती.

व्याख्यानाच्या आरंभी त्यांनी एक जुना संवाद उद्धृत केला. बायझंटाइन सम्राट दुसरा मॅन्युएल पॅलिओलोगस आणि एक सुशिक्षित पर्शियन गृहस्थ यांच्यात बहुधा १३९१ साली अंकाराजवळच्या छावणीत झालेली ही धर्मचर्चा आहे. (हा सम्राट त्या वेळी उस्मानी सुलतानाचा मांडलिक होता, ही गोष्ट त्याचे शब्द तोलताना विसरून चालत नाही.) त्यात सम्राटाने प्रेषित महंमदांच्या शिकवणुकीविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत. परमगुरूंनी ते वाचून दाखवले आणि सम्राट आश्चर्य वाटावे इतक्या रोखठोकपणे बोलतो असेही सांगितले. तेथून ते आपल्या मूळ मुद्द्याकडे वळले.

जगाला काय कळले? परमगुरू इस्लामला असे असे म्हणाले, एवढेच. चौदाव्या शतकातील सम्राट नाहीसा झाला. अवतरणचिन्हे गळून पडली. बुद्धी, विद्यापीठ, युरोप यांचा तर पत्ताच नाही. दोनतीन दिवसांत हे अर्धे वाक्य जगभर पोहोचले. १५ सप्टेंबरला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभागृहाने निषेधाचा ठराव एकमताने संमत केला. १६ तारखेला पॅलेस्टाइनमधील नाब्लुस येथे चर्चेसवर पेट्रोलबॉम्ब पडले. ज्या चर्चेसवर पडले त्यांतील एक अँग्लिकन होते व एक ग्रीक ऑर्थोडॉक्स! रोमशी त्यांचा धर्मशासकीय संबंध नाही. ज्याने तो बॉम्ब फेकला त्याला हा भेद ठाऊक नव्हता, आणि ज्या पडद्यावरून तो संतापला त्या पडद्याने तो सांगण्याची तसदी घेतली नव्हती.

१७ सप्टेंबर हा रविवार होता. त्या दिवशी परमगुरूंनी देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी, आपल्या व्याख्यानातील काही भागामुळे उसळलेल्या प्रतिक्रियांबद्दल अतीव खेद व्यक्त केला आणि ते शब्द एका मध्ययुगीन ग्रंथातील असून आपल्या मताचे निदर्शक नाहीत असे स्पष्ट केले. त्याच दिवशी सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे सिस्टर लिओनेला स्गोर्बाती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. कॉन्सोलाता संघाच्या या धर्मभगिनी पासष्ट वर्षांच्या होत्या आणि तेथील बालरुग्णालयात परिचारिकांना शिकवत होत्या. त्यांना वाचवण्यासाठी धावलेला त्यांचा सोबती महंमद महमूद हा मुसलमान गृहस्थ, चार मुलांचा बाप, त्यांच्याबरोबरच मारला गेला. या हत्येचा रेगेन्सबुर्गच्या व्याख्यानाशी असलेला संबंध निर्विवादपणे सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. मात्र त्या वेळी बहुतेकांनी तो गृहीत धरला. मरताना सिस्टरांच्या तोंडी क्षमेचा शब्द होता. ख्रिस्तसभेने २६ मे २०१८ रोजी पियाचेन्झा येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. महंमद महमूदाची बातमी मात्र सिस्टरांच्या बातमीतील एका ओळीपलीकडे फारशी गेली नाही. एका मुसलमानाने एका कॅथलिक भगिनीसाठी प्राण दिला, ही घटना त्या आठवड्याच्या भांडणाच्या चित्रात कोठेच बसत नव्हती. माध्यमे संघर्षाला आकार देतात ते पुष्कळदा असे: जे चित्रात बसत नाही ते वगळून.

आता न्यायाची दुसरी बाजू. व्याख्यान देणाऱ्याकडे काहीच उणे नव्हते का? पुढे तळटीपांसह व्याख्यानाची अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा सम्राटाचा तो रोखठोकपणा आपल्याला अस्वीकार्य वाटतो असे शब्द परमगुरूंनी त्यात घातले आणि हे मत आपले नाही अशी टीपही जोडली. कुराणातील एका वचनाच्या काळाविषयी त्यांनी केलेल्या विधानावर मुसलमान अभ्यासकांनी आक्षेप घेतला होता, तेथेही काही तज्ज्ञांच्या मते असे आहे अशी मुरड घातली. म्हणजे वक्त्याने स्वतःचे वाक्य स्वतः पूर्ण केले. प्राध्यापकाला वर्गात जे बोलता येते ते परमगुरूंना जगाच्या चव्हाट्यावर तसेच्या तसे बोलता येत नाही, असे ज्यांना वाटले त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. आणि दुसऱ्या बाजूनेही वाक्य पूर्ण ऐकणारे निघाले. व्याख्यानाला महिना होतो न होतो तोच अडतीस मुसलमान विद्वानांनी परमगुरूंना खुले पत्र लिहिले. त्यात त्यांनी व्याख्यानातील मुद्दे एकेक करून तपासले होते, खोडले होते आणि त्यांचा खुलासाही कृतज्ञतेने स्वीकारला होता. १३ ऑक्टोबर २००७ रोजी १३८ विद्वानांचे दुसरे पत्र आले. ईश्वरावरील प्रेम आणि शेजाऱ्यावरील प्रेम या दोन समान आज्ञांवर ते उभारलेले होते. त्यातून नोव्हेंबर २००८ मध्ये रोम येथे कॅथलिक-मुस्लिम परिषद भरली. पेट्रोलबॉम्ब आठवणारे पुष्कळ भेटतात. ही पत्रे ठाऊक असलेला कॅथलिक आम्हांला अजून क्वचितच भेटला आहे.

अर्धे वाक्य हे शस्त्र काही छापखान्याबरोबर जन्मले नाही. शुभवर्तमान नीट वाचले तर ते प्रभू येशूवरच चालवले गेलेले दिसते. रानातील परीक्षेच्या वेळी सैतानाने खोटे वचन सांगितले नाही. त्याने ९१वे स्तोत्रच उद्धृत केले. पण देवदूत नीतिमानाला त्याच्या सर्व मार्गांत सांभाळतील, यातील मार्गांचा उल्लेख त्याने गाळला, कारण मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे हा काही कोणाचा मार्ग नव्हे. पुढे धर्मसभेपुढील चौकशीत साक्षीदार उभे राहिले ते मंदिराविषयीचे वाक्य घेऊन. योहानच्या शुभवर्तमानानुसार येशू म्हणाला होता ते असे की, तुम्ही हे मंदिर पाडा, मी ते तीन दिवसांत उभारीन. आणि तो बोलत होता आपल्या देहाविषयी. साक्षीदारांनी सांगितले की हे मंदिर मी पाडू शकतो, किंवा मी पाडीन, असे हा म्हणाला. कर्ता बदलला, संदर्भ गेला, आणि यहुदी जनतेला जे सर्वांत पवित्र होते त्याचा अवमान करणारा माणूस तयार झाला. मत्तय व मार्क त्यांना खोटे साक्षीदार म्हणतात. त्यांनी सगळेच रचले होते का? मंदिर, पाडणे, तीन दिवस हे शब्द खरेच उच्चारले गेले होते. तरीही शुभवर्तमानकार त्यांना खोटेच म्हणतात, आणि आठव्या आज्ञेचा अर्थ लावताना हे फार महत्त्वाचे आहे असे आम्हांला वाटते. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१८च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सर्पापर्यंत नेऊन दाखवले, तेही याच अंगाने: एका झाडाची मनाई सर्पाने सगळ्या झाडांची करून सांगितली होती.

येथवर बोलणाऱ्याचे झाले. पण त्या चौकशीच्या रात्री साक्ष ऐकून मान डोलवणारी मंडळीही तेथे बसली होती. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी आहे. संत थॉमस अक्वायनस अज्ञानाचे दोन प्रकार मानतात. एक, जे प्रयत्न करूनही दूर होण्यासारखे नसते. त्याचा दोष लागत नाही. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते पण माणसाने ते आळसाने किंवा सोयीसाठी तसेच राहू दिले; त्याचा दोष लागतो. १५०० सालच्या शेतकऱ्याला सम्राट मॅन्युएल कोण हे कळण्याची सोय नव्हती. रेगेन्सबुर्गचे व्याख्यान मात्र सर्वांना वाचण्यासाठी खुले होते. ते न वाचता जो संतापला, आणि त्याचप्रमाणे ते न वाचता जो आपल्यातला कॅथलिक ‘बरे झाले, कोणीतरी त्यांना सुनावले’ असे म्हणून सुखावला, ते दोघेही आमच्या मते एकाच पंक्तीला बसतात. दुसऱ्या प्रकारचे श्रोते आपल्यात नव्हते असे कोणी म्हणू नये.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात अगदी आरंभी एक नियम घातला आहे आणि १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने तो आठव्या आज्ञेच्या विवेचनात घेतला आहे. त्याचा आशय असा: शेजाऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावण्यास सज्ज असावे, तसा लागत नसेल तर त्याला स्वतःला विचारावे की तुला काय म्हणायचे आहे, तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावे, तेवढ्याने भागत नसेल तर योग्य ते सर्व उपाय करावेत. यातील पायऱ्यांचा क्रम पाहावा. आपण बहुधा शेवटच्या पायरीवर जन्मतो.

या नियमावर आक्षेप येतात आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला: संसारी माणसाने नोकरी सांभाळून जगभरची व्याख्याने वाचायची कधी? वाचू नयेत. पण न वाचलेल्यावर निवाडा देण्याची सक्तीही कोणी केलेली नाही. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची आपल्याला लाज का वाटावी? दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ‘माझे वाक्य संदर्भ सोडून छापले’ ही तर प्रत्येक विखारी पुढाऱ्याची ढाल असते. सभेत विष ओकायचे आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांना दोष द्यायचा! मग इग्नेशियसचा नियम अशांना संरक्षण देत नाही का? आम्हांला वाटते, देत नाही. नियम पूर्ण वाक्य ऐकायला सांगतो, आणि पूर्ण ऐकल्यावर काही वाक्ये अर्ध्याहूनही वाईट निघतात. तेव्हा शेवटची पायरी आहेच. डॅनिश व्यंगचित्रांतील काही चित्रे कोणत्याही संदर्भात ठेवली तरी मुसलमान माणसाला दुखावणारीच होती. त्याचे दुःख खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्या दुःखाला आणखी तीन चित्रांची जोड देण्याचा अधिकार मात्र कोणालाच नव्हता.

आपल्याकडील अलीकडचा अनुभव या संदर्भात आठवतो. सप्टेंबर २०१९ मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड जाहीर झाली. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, हरित वसईच्या लढ्यातील एक अग्रणी, आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस. पण काही दिवसांत त्यांच्यापैकी उरले काय? पांढरा झगा. धर्मगुरू म्हणजे धर्मांतर करणारा, एवढे अर्धे वाक्य फोनाफोनांतून फिरले. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना निषेधाचे व धमकीचे फोन गेल्याच्या बातम्या आल्या. त्यांचे एखादे पुस्तक उघडून, हे पाहा यात असे लिहिले आहे, असे दाखवून विरोध करणारे फार थोडे होते. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झाले, आजारी असतानाही फादर आले, बोलले, आणि ज्यांनी ऐकले त्यांनी मराठी लेखकाचे भाषण ऐकले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे होती. त्या वेळी आपल्याला वाईट वाटले होते. माणसाला त्याच्या झग्यावरून ओळखू नका, त्याने लिहिलेले वाचा, असे आपण सांगत होतो. ते योग्यच होते. पण आपल्या आणि नातेवाइकांच्या मोबाइलवरील गटांत दुसऱ्या एखाद्या धर्माच्या दाढीवरून किंवा टिळ्यावरून जे काही दर आठवड्याला येऊन पडते, त्याला आपण हाच न्याय लावतो का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच संपर्कमाध्यमांवरील आदेशात वाचक-श्रोत्यांच्या कर्तव्यांचा वेगळा उल्लेख केला होता. त्या काळी वाचक केवळ वाचक होता. आज प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आहे, आणि तेथे रात्रपाळीला कोणी उपसंपादक नाही.

आणि आता एक प्रसंग ज्यात दुखावलेले आम्ही होतो आणि वेठीस धरलेला दुसरा कोणी होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चपाशी असलेल्या क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, प्रार्थना सुरू झाल्या, कोणी ते पाणी बाटल्यांत भरून घरी नेले. एका दूरचित्रवाणी वाहिनीने बुद्धिवादी चळवळीचे सनल एडामरुकू यांना बोलावले. १० मार्चला ते तेथे आले. त्यांनी पाहणी केली आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून केशाकर्षणाने, म्हणजे ज्या न्यायाने वातीत तेल चढते त्या न्यायाने, वर चढून क्रुसापर्यंत पोहोचते असे सांगितले. मग त्याच वाहिनीवर वादसभा रंगली, आणि तेथे ख्रिस्तसभा व तिचे धर्मगुरू विज्ञानाच्या विरोधात आहेत, चमत्कारांच्या आडून पैसा व सत्ता मिळवतात अशा आशयाची विधाने त्यांनी केली असा आक्षेप घेण्यात आला. महाधर्मप्रांताने क्षमायाचनेची मागणी केली. काही कॅथलिक कार्यकर्त्यांनी भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ खाली शहरातील पोलीस ठाण्यांत तक्रारी नोंदवल्या. अटकेच्या शक्यतेमुळे त्याच वर्षी एडामरुकू फिनलंडला निघून गेले.

येथे दोन वाक्ये होती. पहिले होते पाण्याविषयीचे. त्यात कॅथलिक श्रद्धेला बाधक काय होते? चर्चने अधिकृतपणे चमत्कार झाल्याचे म्हटलेलेच नव्हते. चमत्कारांच्या बाबतीत आपली परंपरा एडामरुकूंहून कमी संशयी नाही. संतपदाच्या उमेदवाराविरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी रोममध्ये १५८७ पासून नेमलेला असे. लूर्द येथे सात हजारांहून अधिक बरे झाल्याच्या दाव्यांची वैद्यकीय नोंद झाली आणि ख्रिस्तसभेने मान्य केले ते सत्तरच्या आसपास. गटार कोठे तुंबले आहे हे शोधणारा माणूस त्या कामात आपला मदतनीसच ठरतो. शिवाय ते पाणी भाविक पीत असतील तर त्याने त्यांच्या प्रकृतीवर उपकारच केले. दुसरे वाक्य धर्मगुरूंविषयीचे होते. ते सरसकट होते, अन्यायकारक होते, आणि त्याला उत्तर द्यायला हवे होते. पण पडद्यावर ही दोन्ही वाक्ये एकमेकांत मिसळली गेली. बाहेर जे दिसले ते असे की, विज्ञानाने चमत्कार खोटा ठरवला म्हणून कॅथलिकांनी वैज्ञानिकावर पोलीस घातले. परदेशी वृत्तपत्रांत ही बातमी अशीच गेली आणि गॅलिलिओचे नाव निघायला वेळ लागला नाही. आपल्यावर हा अन्याय झाला असे म्हणावे, तर तो चौकटीत बसवण्याचे निम्मे काम आपल्याच तक्रारदारांनी करून दिले होते. १९२७ साली इंग्रजी राजवटीत आलेले ते कलम (आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने आले आहे) बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाबद्दल आहे. हेतू दुष्ट आहे की नाही, हे इग्नेशियसच्या दुसऱ्या पायरीवर त्या माणसालाच विचारून पाहायचे असते. पुढे महाधर्मप्रांताने, एडामरुकू यांनी खेद व्यक्त केल्यास तक्रारी मागे घेण्याचे आवाहन आपण करू, असे सांगितले. त्यांनी तो व्यक्त केला नाही; आपण शास्त्रीय कारण सांगितले, त्यात माफी कशाची, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या परिचयातील काही सुबुद्ध कॅथलिक मंडळी आजही म्हणतात की त्या वेळी गप्प बसलो असतो तर कोणीही उठून काहीही बोलले असते. अल्पसंख्याकांना कायद्याचाच आधार असतो. या म्हणण्यातील भीती खरी आहे, आणि १९९९ साली ग्रॅहॅम स्टेन्स यांना दोन मुलांसह जाळण्यात आले त्या देशात ती निराधार म्हणता येत नाही. पण इर्ल्याला कोणी मशाल घेऊन आलेला नव्हता. एक माणूस भिंतीची ओल तपासायला आला होता, आणि वाहिनीला हवा होता तो धर्म विरुद्ध विज्ञान हा सामना. त्या सामन्यात आपण उतरलोच पाहिजे, असे कोणत्या आज्ञेत सांगितले आहे, हे त्या मंडळींनी आम्हांला अद्याप दाखवून दिलेले नाही.